बालसभेतली मागणी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कशी उतरवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावात बालसभा घ्यायची आहे, पण मुलांनी मागितलेल्या गोष्टींसाठी ग्रामपंचायतीकडे पैसा असतो का? असला तर कोणत्या शीर्षातून, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यातून, मिळतो? मतदानाचा हक्क नसलेल्यांच्या म्हणण्याला सरकारी कागदावर जागा कशी मिळवायची? आणि अठरा वर्षांवरच्या तरुणांसाठी वेगळी काही सोय आहे का?

पैसा असतो. अगदी लहान ग्रामपंचायतीकडेही थोडाफार असतोच. काम अडतं ते दुसरीकडे. मूल म्हणतं, "शाळेच्या संडासाला कडी नाही," आणि आराखड्यात लागते कामाचं नाव, ठिकाण, अंदाजित रक्कम आणि निधीचं शीर्ष असलेली एक ओळ. या दोन वाक्यांमधलं अंतर कोणीतरी चालून जावं लागतं. बहुतेक गावांत ते कोणी चालत नाही. बालसभा होते, फोटो निघतात, खाऊ वाटला जातो आणि मागण्यांचा कागद शाळेच्या कपाटात पडून राहतो. म्हणून खालचं सगळं उत्तर त्या एका ओळीभोवती आहे.

आधी अधिकाराचं बघू. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा स्वीकारला. त्याच्या कलम १२ प्रमाणे, मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐकून घेणं आणि वय व समज पाहून त्याला वजन देणं बंधनकारक आहे. गावपातळीवर मात्र अडचण अशी की ग्रामसभेचा सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती. सतरा वर्षांची मुलगी ग्रामसभेत बसू शकेल, ठरावावर हात वर करू शकणार नाही. बालसभा ही या अडचणीवरची वाट आहे. महिलासभा जशी ग्रामसभेच्या आधी भरते, तशीच बालसभा आधी भरवायची आणि तिथल्या मागण्या ग्रामसभेपुढे ठेवायच्या. पंचायत विकास आराखड्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या 'आमचं गाव, आमचा विकास'च्या प्रक्रियेत तिला जागा आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पना पंचायतींपुढे ठेवल्या आहेत, त्यांत तिसरी 'बालस्नेही गाव' आहे. तुमच्या ग्रामपंचायतीने ती निवडली असेल तर सरपंचांना एवढंच विचारायचं: या संकल्पनेखाली यंदा कोणती कामं धरली? शेजारच्या कर्नाटकात मुलांची ग्रामसभा २००६ पासून शासनाच्या आदेशानेच भरते, म्हणजे हे करता येत नाही असं कोणी म्हणू नये.

आता पैसा.

पहिला स्रोत ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. घरपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचं भाडं, बाजार फी वगैरे. या स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्याशिवाय १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी. दिव्यांगांचा हा हिस्सा मोठ्या माणसांपुरता नाही, हे आवर्जून सांगतो. शाळेत किंवा अंगणवाडीत दिव्यांग मूल असेल तर त्याच्या साधनासाठी त्यातून मागता येतं.

समजा गावाची वर्षाची वसुली ६ लाख रुपये आहे. महिला व बालकल्याणाचे ६० हजार झाले. शीर्ष एकत्र आहे आणि घोळ तिथेच होतो. शिलाई यंत्रं, हळदीकुंकवाचा कार्यक्रम, महिला दिनाचा मंडप यांवर ५५ हजार जातात आणि 'बाल' या शब्दाच्या वाट्याला पाटी-पेन्सिलचे ५ हजार येतात. उपाय सोपा आहे: अर्थसंकल्प तयार होतानाच ग्रामसभेत ठराव घ्या की या शीर्षातले किमान निम्मे पैसे अठरा वर्षांखालच्या मुलांवर खर्च होतील. ठराव झाला की अर्थसंकल्पाच्या नमुना १ मध्ये त्या रकमेची वेगळी ओळ दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका. मागच्या वर्षी हा हिस्सा पूर्ण खर्च झाला नसेल तर उरलेली रक्कम विसरली जाऊ नये, यंदाच्या तरतुदीत ती धरायला सांगा. आकडे आधी तपासून जा. तरतूद मागणीवर मोजली आहे की प्रत्यक्ष वसुलीवर, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. कर मागणी ८ लाखांची आणि वसुली ५ लाखांची असेल तर कागदावर ८० हजार दिसतील, हातात ५० हजारच येतील.

दुसरा आणि मोठा स्रोत वित्त आयोगाचा निधी. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामीण पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरायचा होता: ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, आणि ३० टक्के स्वच्छता व हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित होता. तो संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर वापरता येत होता, फक्त पगार व आस्थापना खर्चावर नाही. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे, त्यामुळे त्या पुढच्या वर्षांसाठी आराखडा करताना चालू शासन निर्णय हातात घेऊनच टक्केवारी धरा. जुन्या वर्षाची टक्केवारी उतरवून काढणं ही नेहमीची चूक आहे.

या बंधित निधीकडे मुलांच्या बाजूने फारसं कोणी बघत नाही. सरपंच सांगतात, "अबंधित पैसा रस्त्यात गेला, आता मुलांसाठी काही नाही." पण मुलं बालसभेत काय मागतात ते पाहा. शाळेत पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळं आणि दार लागणारं स्वच्छतागृह, हात धुवायला नळ, अंगणवाडीजवळ साचणारं सांडपाणी. ही कामं तर थेट पाणी आणि स्वच्छतेच्या बंधित निधीत बसतात! १० लाख मिळणाऱ्या गावात ६ लाख बंधित असतील तर मुलांच्या अर्ध्याअधिक मागण्या त्यातच भागू शकतात आणि अबंधित पैशासाठी रस्त्यावाल्यांशी भांडावंही लागत नाही.

लहान स्रोत आणखी आहेत. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत खर्च होतं आणि त्या समितीत ७५ टक्के पालक असतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत मुक्त निधी असतो. पेसा क्षेत्रातल्या (अनुसूचित आदिवासी भागातल्या) गावांना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि त्यात आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे विषय आहेत. नळाची तोटी बदलायला वित्त आयोगापर्यंत जायची गरज नसते, ती शाळेच्या अनुदानातून आठवड्यात बदलता येते.

बालसभा कधी घ्यायची यावर अर्धं यश ठरतं. १४ नोव्हेंबरला बालदिन म्हणून घेतली तर छान दिसतं, पण उशीर झालेला असतो. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि ग्रामसभेत कामांची यादी तिथूनच आकार घेऊ लागते. म्हणून १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली की सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बालसभा घ्या. याला आणखी एक कारण आहे आणि ते मला वेळापत्रकापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. नोव्हेंबरच्या बालसभेत त्यांची मुलं नसतातच. हंगामी वसतिगृह, मागे राहिलेल्या मुलांचं जेवण, परत आल्यावर शाळेत बसवून घेणं हे विषय तीच मुलं बोलू शकतात, आणि नेमकी तीच फडावर असतात.

सभा दीड तासाच्या वर नेऊ नका. सहा ते दहा, अकरा ते चौदा आणि पंधरा ते अठरा असे तीन गट करा. वरच्या दोन गटांत मुलींना आधी वेगळं बसवा, कारण स्वच्छतागृहाचा किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरच्या त्रासाचा विषय मुलांसमोर निघत नाही. शाळेत न येणारी मुलं, वस्तीवरची, वीटभट्टीवरची, यांना अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडून निरोप द्या. शाळेच्या हजेरीवरून बोलावलं तर ती सुटतात.

मागण्यांचा क्रम लावताना हात वर करायला सांगू नका. पुढे बसलेला बोलका मुलगा हात वर करतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघून करतात. त्याऐवजी चिंचोके घ्या. निघालेल्या प्रत्येक मागणीचं चित्र एकेका कागदावर काढा: नळ, दिवा, पूल, खेळाचं मैदान. कागद ओळीने जमिनीवर मांडून प्रत्येकावर एक वाटी ठेवा. प्रत्येक मुलाला तीन चिंचोके द्या. मुलं एकेक करून येतील आणि हवे तिथे टाकतील. एका मुलाने एका वाटीत एकच टाकायचा. मुलींना आणि मुलांना वेगळ्या रंगाचे दिले (अर्ध्या चिंचोक्यांना चुना लावला की झालं) तर मोजताना लगेच कळतं की दिव्याची मागणी मुलींनी केली आहे आणि मैदानाची मुलांनी. हा आकडा इतिवृत्तात लिहा. "मुलांनी दिवे मागितले" यापेक्षा "४१ मुलींपैकी ३६ जणींनी शाळेच्या वाटेवरच्या दिव्याला पसंती दिली" हे वाक्य ग्रामसभेत जास्त टिकतं.

इथे एक धोका सांभाळायचा. मोठी माणसं मुलांच्या तोंडून आपली कामं मागतात. मागण्यांच्या यादीत सभामंडप, कमान किंवा एखाद्याच्या घरासमोरचे पेव्हर ब्लॉक दिसले की समजा, कागद शिक्षकांनी किंवा सदस्यांनी लिहिला आहे. मागणी मुलाच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तिचं सरकारी भाषांतर शेजारच्या रकान्यात करा. दोन्ही रकाने ठेवले की फरक लपत नाही.

दुसरी सावधगिरी त्याहून गंभीर आहे. बालसभेत एखादं मूल मारहाणीबद्दल, छेडछाडीबद्दल किंवा ठरवलेल्या लग्नाबद्दल बोलून जातं. ते सर्वांसमोर खोदून विचारू नका आणि इतिवृत्तात नाव लिहू नका. विषय तिथेच थांबवून, नंतर त्याच्या विश्वासातल्या व्यक्तीने एकट्याने ऐकून घ्यावं. लैंगिक अत्याचाराचा प्रकार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. गावात मिटवून घेणं हा गुन्हा ठरतो आणि मुलाची ओळख उघड करणं हाही वेगळा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. बालविवाहाच्या बाबतीत गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामपंचायत अधिकारीच असतात, त्यामुळे लेखी सूचना त्यांच्या हातात द्या. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हेही याच निमित्ताने तपासा. सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्यात दोन बाल प्रतिनिधी असायला हवेत. बहुतेक वेळा त्या दोन मुलांना आपण प्रतिनिधी आहोत हेच माहीत नसतं. बालसभेतच त्यांची निवड करा, एक मुलगा आणि एक मुलगी, म्हणजे वर्षभर पाठपुराव्याला दोन नावं तयार राहतात.

आता ती ओळ. "शाळा सुधारणा करणे" असं काम कधीही सुचवू नका. अशा शब्दांत पैसा कुठेही वळवता येतो. ठराव साधारण असा लिहून द्या:

"बालसभेतील मागणी क्रमांक २ नुसार, जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास दरवाजा व आतून कडी बसवणे, ५०० लिटरची पाण्याची टाकी बसवून नळजोडणी करणे, तसेच दोन उंचीवर नळ असलेले हात धुण्याचे केंद्र बांधणे हे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात वित्त आयोगाच्या बंधित निधीतून (स्वच्छता) घेण्यास ही ग्रामसभा मान्यता देत आहे."

त्याखाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते' किंवा मतांची संख्या. बालसभेचं इतिवृत्त परिशिष्ट म्हणून जोडा. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या, एवढी लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर तुमचा विषय मागे पडतो. त्या दिवशी पालकांना आणायची जबाबदारी आधीच वाटून घ्या. विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलू देऊ नका. नोटीस किमान सात दिवस आधी निघते, त्याच्या आधी लेखी पत्र देऊन पोच घ्या.

दोन उंचीचे नळ असं मुद्दाम लिहिलं आहे. हात धुण्याची केंद्रं गावोगाव बांधली गेली आणि बऱ्याच ठिकाणी ओटा पाचवीतल्या मुलाच्या मापाचा आहे. पहिलीतलं मूल टाचा उंचावतं, कोपरापर्यंत भिजतं आणि दुसऱ्या दिवसापासून हात धुवायचं सोडतं. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करायला येतील तेव्हा पहिलीतल्या दोन मुलांना उभं करून पट्टीने माप घ्या आणि तेच अंदाजपत्रकात लिहायला लावा. स्वच्छतागृहाचा सर्वसाधारण निकष ४० मुलांमागे एक एकक असा आहे. पाण्याची सोय नसलेलं नवं एकक बांधण्यापेक्षा आहे त्याला पाणी आणणं केव्हाही चांगलं.

शाळेची इमारत जिल्हा परिषदेची असेल तर ना हरकत पत्र आधीच मागा. ते नसल्याने मंजूर कामं मार्चपर्यंत लटकतात.

ठराव झाला तरी काम ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या मंजूर आराखड्यात चढलं पाहिजे. वित्त आयोगाचे पैसे याच पोर्टलवरून, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात. आराखड्यात नसलेल्या कामाचं देयक तिथून निघत नाही. काम राहून गेलं असेल तर पुरवणी आराखड्यात घालायला लावा, वर्ष वाया जात नाही. पोर्टल कोणालाही बघता येतं, मोबाइलवर 'मेरी पंचायत' हे ॲपही आहे. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडून आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दोन्ही पाहा. नववी-दहावीतल्या बाल प्रतिनिधींना हे पाहायला शिकवा. आपण मागितलेलं काम नावानिशी पडद्यावर दिसलं की ती मुलं पुढच्या सभेला दुप्पट तयारीने येतात. पोर्टलवर काम पूर्ण दिसतं आणि जागेवर टाकीच नाही, असं झालं तर मोजमाप पुस्तिकेची आणि देयकाची प्रत माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्ज मोठ्या माणसाच्या नावाने करा, मुलांना त्या वादात पुढे करू नका.

शेवटी तरुणांचं. अठरा पूर्ण झाली की तुम्ही ग्रामसभेचे पूर्ण सदस्य आहात, म्हणून पहिलं काम मतदार यादीत नाव घालणं. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला मात्र वय २१ पूर्ण लागतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामविकास समित्या नेमता येतात, तिथे तरुणांची नावं ठरावाने सुचवा. सदस्य न होताही कामावर देखरेख करायची ती जागा आहे. केंद्राच्या बाजूने १५ ते २९ वयोगटासाठी २०२३ मध्ये 'मेरा युवा भारत' ही संस्था सुरू झाली, नेहरू युवा केंद्रांचं जाळं आता तिच्याशी जोडलेलं आहे. तिथे नोंदणी व्यक्तीची होते आणि युवा मंडळांनाही कार्यक्रम मिळतात, पण रक्कम कार्यक्रमापुरती असते. मंडळ चालवायला नियमित पैसा मिळेल अशी आशा धरू नका.

मंडळाला स्वतः सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर संस्था नोंदणी, दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, संस्थेच्या नावाचं बँक खाते, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक आणि पीएफएमएस (सरकारी निधीच्या व्यवहारांची ऑनलाइन प्रणाली) नोंदणी एवढी तयारी लागते. केंद्राचं अनुदान असेल तर खर्चानंतर जीएफआर, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या, १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. नव्या मंडळांचा पुढचा हप्ता बहुतेकदा तिथेच अडतो, कारण पावत्या सदस्यांच्या खिशात असतात आणि काही रकमा रोखीत दिलेल्या असतात. पहिल्या दिवसापासून प्रत्येक खर्चाची पावती, ठरावाचा क्रमांक आणि धनादेश किंवा ऑनलाइन व्यवहाराचा क्रमांक एकाच ओळीत लिहा. वस्तू घेताना किमान तीन दरपत्रकं घेऊन ठेवा.

आणि काम झालं किंवा नाकारलं गेलं, तरी बालसभेत परत जाऊन सांगा. शाळेच्या फळ्याशेजारी एक तक्ता लावा: मागणी, निधीचं शीर्ष, रक्कम, काम कुठवर आलं. नाकारलं असेल तर कारण लिहा, "पुढच्या वर्षी बघू" एवढं पुरत नाही. ऑगस्टच्या ग्रामसभेनंतर तो तक्ता भरायची तारीख ठरवून टाका, त्या तक्त्यावरूनच सप्टेंबरची पुढची बालसभा सुरू होते.